साहेबांचे चार शब्द

माझं नाव मंगल. माहेर चाकणच्या पल्याड, भामा नदीच्या अंगाला. घरी कांदा असायचा, बटाटा असायचा, चार बहिणींत मी तिसरी. सातवीपर्यंत शिकले. इंग्रजी व्हतं शाळेत, पण गुरुजी धडा वाचायचे आन लगेच मराठीत अर्थ सांगायचे, मंग इंग्रजी ऐकतंय कोण. आन मी लहानपणापासनं संशयी बगा. आई म्हणायची ही पोरगी दूध दिलं तरी आदी वास घेती, मंग पिती. व्हय, घेते. त्यात वाईट काय हाय?

लग्न होऊन मोशीला आले. आमचे हे भोसरीत वेल्डिंगला, मी चाकणला कंपनीत. कंपनीची बस सकाळी कोपऱ्यावर येती. गाडीच्या दाराला जे काळं रबर असतं ना, ते आमी थिनरनं पुसून चिकटवतो. लाइनीवर सगळ्या बाया. आता थिनरचा वास काय सांगू तुम्हाला, दोन तासात डोकं गरगरतं. वरती वास ओढायचा पंखा व्हता, पण बंद. किती महिने बंद, कुणी इचारलं की उत्तर एकच, पार्ट मागवलाय. माझ्या शेजारी कमल बसायची, ती एक दिवस उठली आन चक्कर येऊन पडली, कपाळाला तीन टाके. कागदावर काय लिवलं? पाय घसरला. मी समोर व्हते, पाय कशाचा घसरतोय.

मंग परदेशातनं एक मॅडम आल्या. आमचं रबर तिकडं जातं, तर त्यांची माणसं वर्षाला एकदा येऊन बघतात. गोरी, चष्मा, हातात वही. मला इचारलं, एचआरच्या साहेबांनी मराठीत सांगितलं, कामाचा काय त्रास हाय का. मी सगळं बोलले, पंखा, वास, कमलचं पडणं. एवढं बोलले, आन साहेबांनी मॅडमला किती सांगितलं? चार शब्द. मी मोजले. मॅडम हसल्या, थँक्यू म्हणल्या, पुढं गेल्या. आता तुमीच सांगा, बाई कपाळ फुटून पडली ह्यात हसण्यासारखं काय हाय? तवाच माझ्या डोक्यात किडा शिरला.

पोरगी डिप्लोमाला हाय आमची, तिला म्हणलं मला बोलायला नगं शिकवू, ऐकायला शिकव. तिनं मोबाईलमध्ये इंग्रजी शिकायचं एक ॲप टाकून दिलं. त्यात माणसं बोलतात, मंग प्रश्न येतो, हा माणूस कुठं चाललाय, बाईनं काय घेतलं, चार उत्तरं, एकावर बोट ठेवायचं. बसमध्ये ऐकायचे, गच्चीवर कपडे वाळत घालताना ऐकायचे. पयले पंधरा दिवस नुसतं पत्र्यावर मूग ओतल्यावानी ऐकू यायचं. मंग एक दिवस त्यातला एक दाणा सुटा झाला, टुमारो. तेच वाक्य मी वीसदा लावलं, वीसदा टुमारो तिथंच. हातातलं धुणं तसंच राह्यलं.

आमच्या ह्यांना मात्र शंका. कानात काय घालून बसती, कुणाचं ऐकती? एकदा त्यांनी माझ्या कानातलं एक बोंड काढून आपल्या कानात घातलं, आन नेमका आत एक बाप्या म्हणत व्हता, आय एम वेटिंग फॉर यू. झालं! कोण हाय हा? मी म्हणलं अवो थांबा, आता प्रश्न येईल. प्रश्न आला, हा मैत्रिणीची वाट कुठं बघतोय. मी म्हणलं बसस्टॉपवर, दाबा. त्यांनी दाबलं, बरोबर निघालं, तवा कुठं खाली बसले. तरी जेवताना म्हणलेच, बसस्टॉपवर कशाला बघतोय?

मंग माझ्याकडनं एक चूक झाली, ती पण सांगते. साहेब लाइनीवर उभं राहून फोनवर इंग्रजीत बोलत व्हते. मी कान लावला. लेडीज ऐकलं, रिमूव्ह ऐकलं, ऑल ऐकलं. जेवणाच्या सुट्टीत बायांना सांगितलं, आपल्याला सगळ्यांना काढणारेत. एकच गलका. सुरेखानं तर दुसऱ्या कंपनीत नाव देऊन टाकलं, कमल रडली. सोमवारी कामावर गेलो तर काय, बायांचे लॉकर काढून पलीकडं ठिवलेले. लॉकर! तो एकच शब्द निसटला व्हता. तवापासनं मला इंग्लिश मॅडम म्हणायला लागल्या, आन कमल डबा घिऊन दुसरीकडं बसायला लागली. साहेबांवरचा संशय व्हताच, आता सोताच्या कानावर पण आला. मी ऐकणं सोडलं न्हाई, पण कुणाला काय सांगणं सोडलं.

वर्षानं त्याच मॅडम आल्या. माझ्यापाशी थांबल्या, साहेबांनी इचारलं, आन मी परत तेच सगळं सांगितलं, कारण पंखा तसाच बंद. साहेब मॅडमकडं वळले. शी इज हॅपी हियर. चार शब्द. मी ऐकले. पण काय सांगू, लगेच लॉकर आठवला. म्हणलं मंगल, परत चुकलीस तर? इथं तर नोकरीच जाईल. मी साहेबांना म्हणलं, साहेब, काय सांगितलं तुमी? ते म्हणले, तू बोलली तेच. मंग मी मॅडमकडं बघितलं. म्हणलं, प्लीज, ही सेड व्हॉट? अगेन, स्लो.

मॅडम थांबल्या. हळूहळू, लहान लेकराला सांगावं तसं म्हणल्या, ही सेड, यू आर हॅपी हियर.

मी म्हणलं, नो. आय नॉट हॅपी. फॅन नॉट वर्किंग. बॅड स्मेल. माय फ्रेंड फॉल.

साहेब मधी बोलायला लागले, मॅडमनं नुसता हात वर केला. आन लाइनीवरनं कमल उठली. मॅडमसमोर उभी राह्यली आन कपाळावरचे केस वर केले. मॅडम पंख्याखाली जाऊन उभ्या राह्यल्या, वर बघितलं, पात्याला कोळ्याची जाळी. वहीत लई वेळ लिवत व्हत्या.

आठ दिवसात पंखा फिरायला लागला, मास्क आले. पंधरा दिवसात मला पॅकिंगला टाकलं. साहेब म्हणले तुझ्या तब्येतीसाठीच. असंल, नसंल. आता ते फोन आला की बाहेर झाडाखाली जातात. कमल डबा घिऊन पॅकिंगपर्यंत चालत येती, तेवढ्या सुट्टीत. बाया निवांत श्वास घेत्यात, देव त्यांना तसाच घिऊ दे, माझं काय, खोकी बांधणं जड न्हाई. बसमध्ये अजून ऐकते. आता बातम्या लावते, त्या लई भरभर बोलतात, निम्म्याच कळतात.

तुमी मघापासनं लिवताय, मी बघतेय. मी लई बोलले, तुमचं पान मात्र लहान दिसतंय. जायच्या आदी एकदा वाचून दावा मला. सगळं. सावकाश.