घड्याळाची टेस्ट आणि बारसं

अरे भिया, माझ्या टेस्टनं परवा आमच्या नानाखेड्यात लग्नच लावलं असतं!

घरच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलच्या, म्हणजे तिच्या गाभ्याच्या, टेस्ट इन्स्टॉल करून लावल्या होत्या. त्यातली एक मुद्दाम कॉम्प्युटरचं घड्याळ तीस वर्षं पुढे नेते आणि तपासून परत आणते. मी शहाण्यानं तीच मधे थांबवली. तारीख राहिली तिकडेच!

तेवढ्यात शेजारचे दिघेकाका पेढे घेऊन आले, नातीची पत्रिका करायला. पत्रिका आमचे बाबा करतात. त्यांनी त्याच कॉम्प्युटरवर जन्मवेळ टाकली आणि एकदम खूष.

“दिघे, बधाई हो! यंदा लग्नाचा पक्का योग आहे.”

“अहो, आज सकाळी तर जन्मलीय ती! अजून बारसं व्हायचंय!”

बाबांनी चष्मा पुसून पुन्हा स्क्रीन बघितली.

“मग बारसं आधी उरकून घ्या.”