जड आवाज

— तू बस गं, उभी का? अजून दोघी आहेत तुझ्याआधी. मघाशी टेबलापाशी नाव सांगितलंस ना, तेव्हाच ऐकलं मी — जड आवाज आहे तुझा, माझ्यासारखा. लाजू नकोस. पण राजकन्येच्या आवाजासाठी आली असशील तर आधीच सांगते, ती नाही मिळायची. मुलांच्या कार्टून सिनेमात चांगली बाई म्हणजे बारीक आवाज, हे ठरलेलंच. राजकन्या चिमणीसारखी बोलणार, आणि जिचा आवाज जड ती चेटकीण, नाहीतर सावत्र आई. पुरुषाचा जड असला की तो राजा हं — बाईचा असला की तिच्या पोटात पाप. अठरा वर्षं डबिंग करतेय मी, अकरा पोरांना छळलंय. हसतेस काय — मीही हसायचे.

लग्न उशिरा झालं माझं. ह्यांना पहिल्या बायकोची मुलगी, सात वर्षांची. पहिल्या दिवशी मी म्हटलं, ये, वेणी घालू? — तर पोरीचा चेहरा पांढराफटक. का? अगं, ओळखलं तिनं मला. माझा एक सिनेमा तिला तोंडपाठ होता. मग काय करणार — घरात बारीक बोलायला लागले मी. आठ महिने. घसा सोलून निघायचा, हे म्हणायचे, पुरे कर हे सोंग. पण ती जवळ यायला लागली होती गं. एकदा तर मांडीवर झोपली माझ्या — मुंग्या आल्या तरी मी पाय हलवला नाही.

आणि गेल्या मंगळवारी शाळेतून आली ती तापानं फणफणलेली, थेट बाथरूममध्ये, आतून कडी. मग धप्प आवाज. मी हाका मारतेय, ती ओ देईना. तेव्हा कुठलं बारीक नि काय — पोटातून निघाला माझा आवाज. आणि शब्द कुठले निघाले, सांगू? 'दार उघड बाळ, मी काही नाही करणार तुला.' सिनेमातलं वाक्य गं ते. सावत्र आई म्हणते, दाराबाहेर उभी राहून, हातात कात्री. चाळीस वेळा म्हणवून घेतलं होतं माझ्याकडून — गोड म्हणा, अजून गोड म्हणा — बसलंय तोंडात. मला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

आतून खालचीही कडी लावल्याचा आवाज आला.

हे ऑफिसातून धावत आले, ह्यांच्या एका हाकेला दार उघडलं. आता आजोळी आहे ती. ताप उतरलाय. फोनवर बाबांशी भरभरून बोलते, मी घेतला की ठेवते. फोनवर तर माणूस दिसतच नाही ना, नुसता आवाज —

हं? आज? आज त्याच सिनेमाचा दुसरा भाग. सुरुवातीलाच ते वाक्य परत आहे.

बघ, तुला बोलावताहेत. घसा खाकरून घे. आणि ऐक, आवाज बारीक काढू नकोस — नाही, काढ. बारीकच काढ तू. जा, बाळ —

जा तू.