मधला आवाज

केंटकीच्या डोंगरउतारावरच्या कुरणात गाण्यांचा मेळा भरला होता आणि ऊन कलायला लागलं होतं. मंचावरच्या बँजो आणि फिडलचे सूर वाऱ्यासोबत तरंगत येत होते. लिंबू सरबताच्या रांगेत लोरीनचे डोळे मिटत चालले होते, तोच मागे उभ्या दोन म्हाताऱ्या बहिणींचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

“ओपल, जाऊन सांग त्यांना, आम्ही गाणार नाही म्हणून.”

“आता? यानंतर आपणच आहोत, ताई.”

“तिघी बहिणींचं तीन सुरांचं भजन दोघींनी कसं गायचं? मधला आवाज जूनीचा. ती गेली, भजनही गेलं.”

“तिला माती दिली तेव्हाही हेच म्हणालीस. तेव्हापासून घरात कुणी गुणगुणलंसुद्धा नाही.”

“मग काय नाचू?”

“नाचू नको बाई, गुडघे बघ आधी. इथंच हळू म्हणून बघू. कोण ऐकतंय?”

लोरीनने मान वळवली नाही. मागून दोन बारीक आवाज उमटले. मग एकच राहिला.

“थांबलीस का गं?”

“ताई, तू तुझं सोडून जूनीचं म्हणत होतीस.”

“मी? छे!”

“देवाशपथ. श्वाससुद्धा तिच्यासारखा उशिरा घेतलास.”

“…मग माझं कोण म्हणणार?”

“मी म्हणते. जन्मभर ऐकलंय. माझं राहू दे रिकामं.”

मंचावरून रॅटलिफ बहिणींचं नाव पुकारलं गेलं.

“चल, हात दे. आणि घाई करू नकोस, नेहमीसारखी.”

मंचावर दोघी सवयीने उभ्या राहिल्या. मध्ये एका माणसाची जागा सुटली होती. सूर लागण्याआधी थोरली सरकून त्या जागेत उभी राहिली.