पुण्यवान नात

मी कोल्हापुरात बायकांच्या डॉक्टरांकडं नंबर लावून बसले होते. नववीतल्या नातीला घेऊन आलेल्या अक्काताईंना शेजारच्या बाईनं विचारलं,

"पोरीला काय होतंय वो?"

"काय बी न्हाय! पाच महिनं झालं, एकदा बाजूला बसलेली न्हाय. पर्युषणात बस्तीतली, देवळातली पूजा एक दिवस चुकली न्हाय. लई पुण्यवान पोर!"

"पाच महिनं पाळी न्हाय, आन् पुण्य म्हणताय व्हय?"

"आजी, हळू बोल की."

"गप गं! हनुवटीवर केस आल्यात, त्यासाठी आणलीया. पोरी चिडवत्यात."

"अवो, दोन्हीचं कारण एकच असंल. आत्ताच औषध घेतलं तर पाळी बी सुरळीत हुईल."

"मग डॉक्टरास्नी सांगायलाच पायजे. केस आत्ता घालवा म्हणावं, पाळी तेवढी पुढच्या महिन्यातली मोठी पूजा झाल्यावर आणा!"