एकच बूट, आणि तोही डावा

...आणि वर मलाच म्हणतात, "आजोबा, तुम्हाला काय करायचंय?" अहो, करायचंय काय म्हणजे? टेबलावर बूट आहे, एक! जोडी नाही, एक! लाल, चिकटपट्टीचा, डाव्या पायाचा, इवलासा. आता तुम्हाला सांगतो, पोरगं छत्री विसरलं, समजू शकतो. डबा विसरलं, बाटली विसरली, तेही समजू शकतो. अख्खं दप्तर शाळेत ठेवून हात हलवत घरी येणारं पोर मी स्वतः वाढवलंय, आज ते हपिसात साहेब आहे. पण बूट? एकच बूट? अहो, मग ते पोर घरी गेलं कसं?

हसू नका, उत्तर द्या. लंगडी घालत गेलं? आईनं दारात विचारलं नाही, बाळा, सकाळी दोन घातले होते ना रे? बापानं नाही विचारलं? बरं, बापाचं सोडा...

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भ्रमिष्ट झाला.

हिवाळ्याची सुट्टी जवळ आली ना, की शाळेला कंठ फुटतो. वर्षभर गप्प असते, आणि शेवटच्या आठवड्यात सूनबाईचा फोन नुसता टुणूक टुणूक टुणूक. ती बिचारी कामावरून येते, इस्त्री करायला उभी राहते, आणि एका हातात इस्त्री, एका हातात फोन, वाचून दाखवते, कारण मला वाचायचं म्हणजे एकेक अक्षर हाताला धरून आणावं लागतं. "प्रिय पालक, वाचनालयाची पुस्तकं परत करावीत." टुणूक. "प्रिय पालक, खोकणाऱ्या मुलांना घरी ठेवावं." टुणूक. "प्रिय पालक, हातमोज्यांवर नाव घालावं, दोन्ही मोज्यांवर." टुणूक. "प्रिय पालक, वर्गातली कुंडी सुट्टीत कोण सांभाळणार ते कळवावं." टुणूक. "प्रिय पालक, आधीच्या सूचनेतली तारीख चुकली आहे, बरोबर तारीख लवकरच कळवू." मी म्हटलं, सूनबाई, ह्या प्रिय पालकाला जेवायला तरी सोडतात का गं?

त्यातच एक आली. व्हरांड्यात टेबल मांडलंय, वर्षभर सापडलेल्या वस्तू ठेवल्यात, आपापलं ओळखून न्यावं, सुट्टी लागली की उरलेलं वाटून टाकू. सूनबाई म्हणाली, "बाबा, भिंगरीची कानटोपी सापडत नाहीये. उद्या तिला आणायला जाल तेव्हा टेबलावर बघा. आणि फक्त टोपी हं! इकडे तिकडे काही उद्योग करू नका."

भिंगरी म्हणजे आमची नात. पहिलीत आहे. पायाला भिंगरी म्हणून भिंगरी. मी आणि आमची ही, आम्ही मुलाकडे राहायला आलो ह्याच पावसाळ्यात, तेव्हापासून तिला शाळेतून आणायचं काम माझं. रस्ता म्हणाल तर चार पावलांचा, पण आम्ही तो संध्याकाळपर्यंत पुरवतो. न्हाव्याच्या आरशात तोंडं वाकडी करायची, गॅरेजवाल्याला विचारायचं ह्या स्क्रूचं नाव काय, बंद घड्याळाच्या दुकानातली घड्याळं कुणी बंद केली ह्यावर चर्चा. दिवसभरात मला तेवढंच काम, आणि खरं सांगू? तेवढंच सुख.

आणि त्यावरच टांगती तलवार! कारण मागे एकदा मी फाटकापाशी पोरांना सहज म्हणालो, की आत जाताना उलटं चाला, म्हणजे फाटकवाल्या मामांना वाटेल तुम्ही बाहेर निघालात. मी आपलं एकाला म्हणालो हो! दुसऱ्या दिवशी अख्खी पहिली पाठमोरी शाळेत शिरली, मामा एकेकाला पकडून "घरी कुठं चाललास?" म्हणत पुन्हा आत ढकलतायत, आणि पोरं आत जायला खूष! त्यावर शाळेतून फोन. सूनबाई शांतपणे म्हणाली, ती शांत झाली की मला घाम फुटतो, म्हणाली, "बाबा, आणखी एक तक्रार आली ना, तर सुट्टीनंतर मी व्हॅन लावणार." व्हॅन! म्हणजे भिंगरी दारातून दारात, आणि मी खिडकीत.

तर मी शहाण्यासारखा गेलो. फक्त टोपी बघायला. पण तुम्हीच सांगा, टेबल कसलं, खजिना हो! डब्यांची झाकणं, डबे नाहीतच. एका हाताचे मोजे. काडेपेटीत कुणाचा तरी पडलेला दात, तो हरवला म्हणजे काय, पडला होताच की! आणि मधोमध, राजासारखा, तो लाल बूट.

मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "बूट आहे." म्हटलं, ते दिसतंय, पण पोर घरी गेलं कसं? मामा म्हणाले, "माझ्या फाटकातून एका बुटाचं कुणी गेलं नाही. उलटं चालत जातात, पण बूट दोन असतात." टोमणा बरं का! भिंगरीच्या बाईंना विचारलं. बाई एका हातानं कागदाचे तारे कापतायत, दुसऱ्या हातानं एकाचं नाक पुसतायत, म्हणाल्या, "आजोबा, टोपी मिळाली ना? मग झालं तर!" टोपी मिळाली नव्हती, हे मला घरी गेल्यावर आठवलं. टोपी घरीच होती, कोटाच्या बाहीत. ते जाऊ द्या.

मग काय, झोप उडाली. आमच्या हिला विचारलं, पोर घरी गेलं कसं असेल गं? ही कूस बदलून म्हणाली, "तुम्ही आलात तसं. धडपडत." न्हावी म्हणाला, बापाच्या खांद्यावर बसून गेलं असेल. गॅरेजवाला म्हणाला, एक पाय प्लास्टरमध्ये असेल! आता हे मात्र डोक्यात बसलं माझ्या. तडक दवाखान्यात, कंपाउंडरला म्हटलं, पहिली-दुसरीतलं पोर, डावा पाय मोडलेलं, आहे का? कंपाउंडर म्हणाला, "कोण लागतं तुमचं?" मी म्हटलं, कोणी नाही, बूट सापडलाय. त्यानं मला बसवून रक्तदाब मोजला.

आणि ह्या सगळ्यात साथ कुणाची? एकट्या भिंगरीची! रोज शाळा सुटली की पहिला प्रश्न, "आबा, सापडला का बूटवाला?" नाही गं. "मग तू आज कुणाकुणाला विचारलंस?" सगळं खोदून खोदून ऐकायची, डोळे एवढाले करून. मी म्हटलं, बघा, ह्याला म्हणतात जिज्ञासा. घरात एक तरी माणूस आपल्यासारखं निघालं! एके दिवशी म्हणाली, "आबा, फोटो टाकू या का आईच्या फोनवरून शाळेच्या ग्रुपवर?" मी फोटो काढून आणला होता. सूनबाई अंघोळीला, फोन ओट्यावर. मी म्हटलं, टाक. तिनं टाकला. खाली माझं वाक्यही लिहिलं: हे पोर घरी गेलं कसं?

अहो, ग्रुप पेटला! "आमचा नाही, पण शेजारी निळी बाटली दिसतेय ती आमची." "बाटलीचं वेगळीकडे बोला, इथे बूट चालू आहे." "माझ्या मते जुळ्यांचा असेल." "जुळ्यांना काय एकेक बूट घेतात?" "कृपया ग्रुपवर फक्त महत्त्वाचं टाका." ह्याच्याखाली साठ जणांनी लिहिलं, "अगदी बरोबर." सूनबाईनं डोक्याचा टॉवेल सोडून बघितलं आणि किंचाळली, "माझ्या नावावर? बाबा!" मग फोटो मोठा करून म्हणाली, "हं, असला तर आपल्या भिंगरीलाही होता मागे. बाजारात ढीगभर मिळतात." आणि मी, मूर्ख माणूस, मनात म्हटलं, ढीगभर मिळतात म्हणजे शोध आणखी अवघड!

आता घोटाळा कुठे झाला ऐका. ह्या बुटाच्या गदारोळात शाळेची एक सूचना आली आणि वाहून गेली. "प्रिय पालक, शेवटच्या दिवशी शाळा अर्ध्या दिवसात सुटेल." वर जुळे, खाली बाटली, मधे ही बिचारी. कुणी वाचली नाही!

शेवटचा दिवस. मी आपला सकाळीच फाटकावर, कारण मला बुटाचं काम होतं. आणि एकदम घंटा! पोरं बाहेर, आणि न्यायला कोण? कोणी नाही! कडाक्याची थंडी, पोरांनी भरलेला व्हरांडा, बाई फोनवर फोन लावतायत, एक रडलं की दुसरं सुरू. आणि मोठं माणूस रिकामं म्हणाल तर मी एकटा. मग मी काय करावं? पायरीवर बसलो, बूट हातात घेतला, म्हटलं चला रांगेत, डावा पाय पुढे! रडं बंद झालं हो! एकेकाचा पाय, कुणाच्या मोज्याला भोक, कुणाला गुदगुल्या, कुणाचा अंगठाच बुटाएवढा. हसून हसून लोळतायत पोरं. पण बूट एकालाही होईना!

आणि मागून आवाज. "हे काय चाललंय?"

मोठ्या बाई. शाळेच्या मुख्य. त्यांचा चष्मा आधी येतो, त्या मागून येतात.

खोलीत नेलं मला. तिथे मामा, भिंगरीच्या बाई, झाडू घेतलेल्या सफाईच्या मावशी, आणि कामावरून धावत आलेली, धापा टाकणारी सूनबाई. मोठ्या बाई म्हणाल्या, "सगळ्या शाळेचे पालक एका बुटापायी आले नाहीत. हा बूट आला कुठून?" मावशी म्हणाल्या, "मॅडम, टेबल मांडलं त्याच्या दुसऱ्या सकाळी मी स्वतः पुसलं, तेव्हा नव्हता. घंटा झाल्यावर उगवला. आणि धुतलेला आहे हो! बूट कुणी धुवून हरवतं का?"

धुवून हरवतं का! तुम्हाला सांगतो, आठवडाभर मी त्या बुटावर नजर रोवून बसलोय, आणि हे मला सुचू नये? म्हणजे कुणी हरवलाच नव्हता! कुणीतरी आणून ठेवला! मुद्दाम! मी इतका खूष झालो, टाळीच वाजवणार होतो, तर बघतो काय, सगळे माझ्याकडे बघतायत. मामा तर असे, की हा उलट्या चालीचा माणूस!

मी तोंड उघडलं, म्हणणार, आईशप्पथ मी नाही! आणि नजर गेली दाराकडे. दारात भिंगरी. हात पाठीमागे, डोळे छताला, ओठ शिट्टीसारखे गोल, आणि शिट्टी मात्र वाजत नाही. अहो, तो चेहरा मी ओळखतो! उभा जन्म पंप दुरुस्तीच्या कारखान्यात काढला मी, आणि साहेब "कुणी केलं हे?" म्हणून आला की असाच उभा राहायचो, हाच चेहरा करून! एवढ्या वर्षांत एकाही उद्योगाची कबुली दिली नाही. एकाही नाही!

पण आता तोंड उघडलेलं होतं. सूनबाई माझ्याकडे बघत होती, पोर छताकडे बघत होतं. खरं बोललो असतो तर सुट्टीच्या तोंडावर एवढ्याशा पोरीला सगळ्यांसमोर उभी केली असती. आणि व्हॅनचं म्हणाल, तर "शिकवलं कुणी?" हा पुढचा प्रश्न ठरलेलाच!

मी म्हटलं, "मीच ठेवला."

"का?" मोठ्या बाई.

आता का ते मला काय माहीत? मी म्हटलं, "कोण विचारतंय ते बघायला."

सूनबाईनं फक्त "बाबा..." म्हटलं. शांतपणे. मोठ्या बाईंनी चष्मा पुसला, म्हणाल्या, "आज कार्यालय बंद व्हायच्या आत लेखी माफी आणून द्यायची. नाहीतर सुट्टीनंतर तुम्ही फाटकावर दिसायचं नाही." लेखी! मला! अहो, मला अख्खा पंप खोलून जोडायला सांगा!

सूनबाई म्हणाली, "मी एक अक्षर लिहिणार नाही, तुमचं तुम्ही निस्तरा," आणि गेली परत कामावर. मी आणि भिंगरी बसलो फाटकाबाहेरच्या ओट्यावर. मग मी विचारलं, राग नाही, खरंच विचारलं, कारण मला राहवेना, म्हटलं, "का गं ठेवलास?"

"बघायला, आबा."

"दुसरा कुठाय?"

"माळ्यावर."

"मग दोन्ही का नाही ठेवलेस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, की इतका कसा हा अडाणी. म्हणाली, "दोन ठेवले असते तर कुणी विचारलं असतं का?"

संपलं! बोला आता! साठ-सत्तर वर्षं ह्या धंद्यात घालवली मी, हे मला सुचलं नव्हतं! शाबासकी द्यावी तर आजोबा म्हणून शोभत नाही, रागवावं तर तोंड कुठाय?

मग तिनंच दप्तर उघडलं, पेन्सिलीला टोक केलं. मी सांगितलं, तिनं लिहिलं. "मोठ्या बाई, मी आजोबा आहे. मी बूट ठेवला. मी पुन्हा असं करणार नाही." जीभ बाहेर काढून, रेघेवर, एकेक अक्षर मोत्यासारखं. मी खाली सही ठोकली. नेऊन दिलं. मोठ्या बाईंनी वाचलं, भिंगरीच्या बाईंना दाखवलं, त्यांनी ते अक्षर बघितलं, मग भिंगरीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि तोंडावर हात धरून खोकल्या. सर्दी असेल. मग लाल पेन काढला आणि कागद परत दिला.

फाटक वाचलं हो, व्हॅन टळली. पण कागदावर काय होतं ऐकायचंय? वर, माफीच्या शेजारी, मोठा तारा, "अक्षर सुंदर!" तो भिंगरीला. आणि खाली, माझ्या सहीला लाल गोल, "सुट्टीत रोज एक पान सराव करावा."

करतोय! सकाळी चहा झाला की बसतो. आणि तपासायला कोण, तर तीच! काल म्हणाली, "आबा, पुन्हा लिही, रेघेच्या खाली गेलंय."