हौशीच्या मुसळाचा गोंगाट

...नाय, पण मला सांगा, ओढ्याच्या मोरीवर जीप बंद करायची, माणसं उतरवायची, मोखाड्याच्या बाजारातली पोती त्यांच्या डोक्यावर द्यायची आणि पाड्यापर्यंतचा अख्खा चढ अनवाणी चढायचा, अनवाणी बरं का, चपलेचा आवाज नको... हा कुठला न्याय? मी जीपवाला माणूस, हॉर्नवर माझं पोट. पण पाड्याच्या तोंडाला आमचा तुका उभा, ओठावर बोट ठेवून: "हळू. यंत्र ऐकतंय."

आता हे यंत्र काय, तर तुम्हाला सांगतो, शहरातल्या वर्षाली मॅडम आल्या आणि तुकाच्या घरामागं खड्डा करून एक डबा पुरून गेल्या. लांब आभाळात दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात म्हणे, त्याची थरथर आपल्यापर्यंत येते, पण येता येता इतकी बारीक होते की जमिनीवरच्या धडधडीत हरवून जाते. ती थरथर पकडायचं मोठं यंत्र दुसरीकडं, हे आपलं शिकाऊ. "काका, गुरं वायर तोडणार नाहीत एवढं बघा," एवढंच त्या तुकाला बोलल्या. पुढंही काहीतरी समजावत होत्या, पण तुका आभाळाकडं बघत बसला होता, त्याच्या कानात काय शिरणार?

आणि आमच्याकडं कसं आहे, गावदेवाची पाळी असली की त्या दिवशी कोणी मुसळ उचलत नाय, नांगर जुंपत नाय, जमिनीला धक्का लावत नाय. तुकानं तोच कायदा डब्याला लावला. देव एक दिवस ऐकतो, हा रोज ऐकतो, म्हणजे पाळी रोज. कोंबडे डालून ठेवले, लग्नाची हळद पलीकडच्या पाड्यावर लावायला लावली, तारपा तर कोणी फुंकायचा नाय, पोरगं धावलं की: "हळू. यंत्र ऐकतंय."

सगळ्यांनी ऐकलं हो. ऐकलं नाय ते एका हौशीनं, तुकाच्या बायकोनं. हौशी म्हणजे पहाटे उठून वरई कांडणार, आणि कांडताना तुकाचा उद्धार करणार, मुसळ खाली आलं की एक शिवी, वर गेलं की श्वास. गिरणीतल्या वरईला चव नाय, ही तिची समजूत. तुका बोलला, ओढ्यावर जाऊन कांड. गेली बिचारी. मग बोलला, ओढ्यावरनंपण पोचतंय. मग बोलला, हौशे, बोलतेस तेपण जरा कमी कर. झालं. ती उठली, मुसळ घेतलं आणि मोरीवर येऊन माझ्या जीपमध्ये बसली. "दाभोशाला सोड, भावाकडं." मी बोललो, वहिनी, असं काय करता? तर बोलली, "त्या डब्याला ऐकू येतं तेवढं ह्याला जन्मात कधी आलं नाय."

पहिले काही दिवस तुका खूश. वा, काय शांतता! मग जेवायला बसला की आपल्याच चावण्याचा आवाज यायला लागला. मला बोलला, "घर खायला उठतंय रे." मी बोललो, मग जा की, आण तिला. तर स्वतःलाच दटावल्यासारखं पुटपुटतो: "हळू. यंत्र ऐकतंय."

दिवाळीनंतर मॅडम आल्या. डबा उघडला, लॅपटॉप लावला आणि कपाळाला हात लावून बांधावरच बसल्या. "काका, इथे माणसं राहतात ना?" तुकाची छाती फुगलेली. बोलतो, "मॅडम, ढेकूळ फुटू दिलं नाय." आणि मॅडम अगदी रडवेल्या: "अहो काका, आम्हाला गोंगाटच हवा होता. मुसळ कसं वाजतं, जीप कशी येते, हे आधी नीट ओळखीचं झालं तरच ते वजा करता येतं. नाहीतर उद्या मुसळाला तारा समजून बसू."

तुका किती हसला म्हणून सांगू... डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. आता कसं, विज्ञानच बोलतंय ना, हौशीला आणा! लगेच जीपमध्ये. शिरपामाळाचा फाटा गेला, जव्हार गेलं, सगळ्या वाटेत मी त्याच्याकडनं घोकून घेतलं. काय बोलायचं? "हौशे, चल घरी, मला करमत नाय." परत बोल. "मला करमत नाय." शाब्बास.

दाभोशाला भावाच्या अंगणात हौशी कांडत होती. थांबली नाय, वर बघितलं नाय. "का आलास?" मी मागनं कोपर मारतोय त्याला, बोल, बोल. आणि हा शहाणा, घसा खाकरून, काय बोलावा?

"यंत्राला मुसळ पायजे."

हौशी थांबली. आता वर बघितलं तिनं. मला वाटलं शिवी देणार. दिली असती तर बरं झालं असतं हो. तिनं मुसळ त्याच्या हातात दिलं, बोलली, "ने मग," आणि घरात गेली.

येताना अख्खी वाट तुका मुसळ मांडीवर आडवं घेऊन बसला.

आता रोज पहाटे तुका स्वतः कांडतो. मला हुकूम आहे, जीप थेट अंगणात आणायची आणि हॉर्न द्यायचा. मॅडमचा फोन येतो, काका, अगदी हवा तसा गोंगाट येतोय. फक्त तुकाला पाखडता येत नाय, सूप हातात धरलं की दाणा आणि कोंडा दोन्ही अंगणात. म्हणून न पाखडताच तीच वरई परत उखळात टाकतो... तिचं पीठ होऊन गेलंय कधीच, तरी कांडतोय.