जिन्यापाशीची फळी

नाही हो, ती पितळी कडी नका घेऊ — दिसायला छान, पण पहिल्याच मोसमात आतली स्प्रिंग गंजून अडकते, मग बसा बोंबलत. ही स्टीलची बघा. शिडाची बोट कलली ना, की पायाखालच्या फळ्या सुटून अंगावर येतात, म्हणून ही कडी. फिरवली की फळी पक्की, उलटी फिरवली की फळी उचला, खाली साठलेलं पाणी उपसा — एवढंच तर काम! पण तेवढंही होत नाही लोकांकडून. आमचा दादाच घ्या, माझा सख्खा मोठा भाऊ — बहिणीचं कड्यांचं दुकान, आणि हा बोटीच्या केबिनमध्ये उतरायच्या जिन्यापाशीच्या फळीची कडी लावेल तर शपथ! कायम उघडी. का? तर म्हणे, बोटीत पाणी शिरल्यावर कडी चाचपडत बसू का? हट्टी मेला... असो. नमुना आणलाय म्हणालात ना, दाखवा की.

अहो — हिचं भोक कानशीने मोठं केलंय. दादानेच, त्याच्या जाड बोटांसाठी. नाही, काही नाही झालं, पाणी नको मला. बोट कुठून घेतलीत? लिलावात? मला तर सांगितलं होतं, मोडीत काढली म्हणून! रिकामी सापडली होती ती. शिडं वर, त्याचा स्वेटर खुंटीला, आणि तो — तो नाहीच सापडला. सगळे म्हणतात, विसर आता. कसं विसरू, सांगा ना?

आणि मघाशी काय म्हणालात — हीच कडी आपोआप उघडते? रोज सकाळी? बोट धक्क्याला बांधलेली, पाणी ढिम्म, तरी? जिन्यापाशीची ना? बघा, मान डोलावलीत.

म्हणून घट्टातली घट्ट हवी तुम्हाला. आहे, या खालच्याच खणात आहे. नाही देणार. चिडा खुशाल, दुकान माझं आहे. भीती वाटते तुम्हाला, कळतं हो — मलाही वाटतेय. पण खरं सांगू? बरंही वाटतंय. इतक्या वर्षांत त्याची खबर घेऊन कुणी आलंच नव्हतं या दुकानात.

ही घ्या तुमची कडी, होती तशीच बसवा. आणि सकाळी उघडी दिसली तर लावू नका. त्याला पाणी उपसायचं असतं. निघा आता. जाताना दार ओढून — नको, राहू द्या. उघडंच राहू द्या.